तीन चाव्यांचं कुलूप

माझं माहेर कर्जतपासनं आत, कोरडवाहू गाव, आन् आमी जलमापासनं कोयत्याची मानसं. दसरा झाला की आई-बाप ऊसतोडीच्या टोळीत, आन् मी आन् धाकटा भाऊ ज्ञानू गाडीत भांड्याकुंड्यांवर बसलेलो. निघताना आई दाराला कुलूप घालायची, आन् गाडी वेशीशी गेली न्हाई तवर म्हनायची, आगं, कुलूप वढून बघितलं का गं तू? काय सांगू तुमाला, घरात चोरायला हुतं काय, दोन तांबे आन् एक जातं. पन मी पळत जायची, कुलूप वढायची, पळत यायची. ती सवय अजून गेली न्हाई. आता बी तुमच्याशी बोलता बोलता दोनदा ह्या माझ्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप वढलं मी, बघितलंच असंल तुमी.

लगीन झालं ते हितं कर्जतात, चावीवाल्याच्या घरात. मालकांची नजर अधू झाली तशी मीच स्टँडजवळ बसायला लागले, कानस धरायला त्यांनीच शिकवलं. तर त्या तीन चाव्यांच्या कुलपाचं सांगायचं हुतं.

माहेरच्या देवीचा चांदीचा मुखवटा लोखंडी पेटीत असतो. पेटीला एकच कुलूप, पन त्याला तीन चाव्या, तीन भावक्यांच्या तीन, तिन्ही फिरल्याबिगर ते उघडतच न्हाई. चैताच्या यात्रंला तिघं वळीनं चावी फिरवनार, मगच मुखवटा पालखीत. मधल्या चावीचा मान आमचा. बाकी दोन भावक्या बागायतदार, आमाला एरवी इचारतंय कोन? पन त्या दिवशी समदं गाव आमच्यासाठी थांबायचं.

चावी घरातल्या बाप्याच्या अंगावरच पायजे, हा आमच्या बापाचा शिरस्ता. म्हनून गेल्या साली ज्ञानू ती करगोट्याला बांधून फडावर घेऊन गेला आन् तिथं उसात हरवली. नमुन्याबिगर तसली जुनी चावी मला बी घडवता येईना, यात्रंला मग करवत आनली आन् कुलूप कापलं. देवीपुढं करवत! ज्ञानू मान खाली घालून हुबा, आन् मला वाटलं धरनीनं पोटात घ्यावं. मीच म्हनलं, नवं कुलूप मी आनते, तसलंच, दसऱ्याच्या आत, टोळी निघायच्या आत.

मग सुरू झालं बघा. नगरला गेले, दुकानदार हसला, मावशी, तीन चाव्या पायजेत तर तीन कुलपं घ्या की. आरं बाबा, पेटीला कडी एकच, आन् देवीच्या पेटीला भोकं कोन पाडनार? पुन्याला फोन, अलीगढला फोन, माझी हिंदी म्हंजी अशी तशी, कुनी म्हनायचं शंभर नग घ्या, कुनी मधीच फोन ठिवायचा. भाकरी थापता थापता मी फोनवर कुलपं बघायची, तव्यावर भाकरी करपायची, मालक म्हनायचे, आगं बस की एका जागी. बसवतच नव्हतं मला.

शेवटी एकानं अंगठ्याचं कुलूप दावलं. तीन अंगठे भरायचे, तिन्ही लागले तरच उघडनार. मी भुलले. मागवलं, देवळात नेलं, समदा गाव गोळा. पयला अंगठा लागला, तिसऱ्या भावकीच्या तात्यांचा लागला, आन् ज्ञानूचा लागंना. त्यानं हात धुतला, पुसला, केसांवर घासला, दुसरा अंगठा लावला, तरी कुलूप आपलं लाल दिवा दावतंय. भावजय म्हनली, रेशनला बी ह्यांचं असंच हुतं. कोयत्यानं झिजलेला अंगठा तो, रेघ म्हनून ऱ्हायली न्हाई त्याच्यावर. आन् मी कोन, त्याच घरची लेक, आईचा अंगठा बी असाच गुळगुळीत हुता, तरी माझ्या ध्यानात आलं न्हाई. लई लाज वाटली मला माझी. तात्या म्हनले, ऱ्हाऊ द्या, दोघांवर भागवू. मीच कुलूप काढून पिशवीत टाकलं आन् म्हनलं, दसरा अजून लांब हाय, तात्या.

परत फोन. अलीगढच्याच एका दुकानदारानं एका म्हाताऱ्याचा नंबर दिला, हातानं कुलपं घडवतो म्हनून. म्हाताऱ्यानं पैशाचं काय इचारलंच न्हाई, म्हनला, पेटी कुनाची? मी म्हनलं, देवीची. म्हनला, मग घाई करू नका. घाई करू नका म्हनं! दसऱ्याच्या आदल्या दिवशी पार्सल आलं, तवर माझ्या जिवाचं पानी पानी झालं.

कुलूप बसलं. तिघांनी वळीनं चावी फिरवली, मधली ज्ञानूनं. दुसऱ्या दिशी टोळीचा ट्रॅक्टर हितं स्टँडपाशी थांबला आन् ज्ञानूनं ती चावी माझ्या हातावर ठिवली. तात्या कर्जतला आल्ते, म्हनले, दिल्या घरच्या लेकीकडं मानाची चावी? ज्ञानू म्हनला, तात्या, कुलूप कुनी आनलं?

तवापासनं ही बघा, काळ्या दोऱ्यात, गळ्यात. टोळी आता कोल्हापूरकडं. देवी समद्यास्नी धडधाकट घरी आनू दे, चैत येईस्तवर मी हाय हितं. ज्ञानूचा रोज फोन येतो, पोरं बरी हायेत म्हनतो, उसाच्या पाचटानं हात कापला म्हनतो, आन् शेवटाला इचारतोच, आक्के, चावी हाय नव्हं? मी म्हनते, हाय रं. आन् फोन ठिवला की दोरा वढून बघते.