भिंतीपलीकडचं ताट

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी बसल्या होत्या.

"दुखतंय का गं?"

"दुखत नाही. तोंड उघडलं की कानापाशी कट्ट वाजतं, एवढंच."

"तुझे वरचे दात पुढे होते तेव्हा बाबा सांगत होते, वाढीचं वय आहे, प्लेट लावून खालचा जबडा पुढे आणू. मीच घाई केली. वरचे दोन दात काढायला लावले आणि बाकीचे मागे ओढून घेतले."

"त्यामुळेच जबड्याचा सांधा सरकला असं नसतं, आई. डॉक्टर म्हणाले ना, दात न काढताही होतं."

"त्यांचं काय जातंय म्हणायला! आज बाबा असते तर..."

"तर त्यांनीही तुला हेच सांगितलं असतं."

"मग माझ्याबरोबर जेवायला का बसत नाहीस? वर्ष होत आलं. रागच ना?"

"राग कसला? मी घास चावला की तो आवाज येतो आणि तुझा हात ताटातच थांबतो. म्हणून मी खोलीत जेवते."

"भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं गं मला. आवाज थांबला की कळतं, तुझं जेवण झालं. मग मी वाढून घेते."