कॉलरचं माप

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मास्तरीणबाईंनी पुस्तक उघडलं होतं खरं, पण त्यांचे कान मागच्या बाकावर होते. तिथे एक शिंपी, गळ्यातली टेपही न काढता, बायकोला फैलावर घेत होता.

"गळा साडेतेरा होता तुझा. काल कॉलरचं माप घेतलं तर चौदा!"

"जाड झाले असेन."

"वजन उतरलंय तुझं. आणि टेपखाली गाठ लागली माझ्या बोटाला. कधीपासून आहे?"

"झाले दोन-तीन महिने."

"आणि तोंडातून ब्र नाही? संधिवाताच्या गोळ्या देताना डॉक्टरांनी बजावलं होतं ना, क्वचित कुणाला या गोळ्यांनी गाठीचा कॅन्सर होतो, गाठ दिसली की लगेच या म्हणून?"

"आले असते तर गोळ्या बंद केल्या असत्या त्यांनी."

"केल्या तर केल्या!"

"तुम्हाला बोलायला काय जातंय? आधी साधी वाटी धरवत नव्हती मला. वेणीसुद्धा तुम्ही घालत होतात. आता दिवसाला चाळीस काजं करते मी."

"खड्ड्यात गेली काजं!"

"हळू बोला, लोक ऐकतायत."

मास्तरीणबाईंनी घाईघाईने पान उलटलं.

"अहो, गाठ साधीच निघाली तर?"

"तर जन्मभर शिव्या घालीन तुला."

"आणि नाही निघाली तर?"



"वेणी घालायला विसरलो नाहीये मी अजून."

"केस राहिले तर घालाल ना."

"नाही राहिले तर टोपी शिवीन. ऊठ आता, तुझं नाव पुकारलं."