काकीच्या पडवळात उगवलेल्या कंदाबाबत

पुन्हा तेच सांगतो, काकीच्या वाफ्यात ती झाडे आम्ही चोरून लावलेली नाहीत. हे पहिल्या ओळीत यावे असे मी म्हटले, म्हणून हवालदारांनी नाव-गाव खाली घ्यायला परवानगी दिली.

मी विनीत रावजी गोताड, वय २५ वर्षे, शिक्षण आठवी नापास, काम हिमाचलमध्ये कुलूजवळ एका हॉटेलच्या बागेत व स्वयंपाकघरात मदतनीस, राहणार तळेवाडी, पालीजवळ, जि. रत्नागिरी. आज ता. ८/१२/२०२५ रोजी ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून माझ्या हाताने लिहून देतो की,

वर दिलेल्या ठिकाणी माझी आई एकटी राहते. वडील वारले आहेत. मी आजवर पाच ठिकाणी कामे केली, कुठे टिकलो नाही, सध्याच्या ठिकाणी दोन वर्षे झाली. आमच्या परसाला लागून चुलत काकी श्रीमती गंगा सदू गोताड यांचे परस आहे. मध्ये जांभ्या दगडाचा गडगा म्हणजे बुटकी भिंत असून त्यात एक कवाडी आहे. बाव म्हणजे विहीर काकीच्या बाजूला आहे. नळ दिवसाआड येतो, त्यामुळे आई त्या कवाडीतून पाण्याला जाते. गेल्या शिमग्यात आईची साखर उतरून ती ओट्यावर पडली, तेव्हा काकी त्याच कवाडीतून मुठीत साखर घेऊन धावत आली होती. मी त्या वेळी कुलूला होतो.

आईला साखरेचा आजार आहे व ती बटाटा सोडत नाही. आमच्या हॉटेलच्या बागेत एक कंद होतो, त्याला तिकडे हाथीचक म्हणतात. दिसायला आल्यासारखा, झाड पुरुषभर उंच, फुले छोट्या सूर्यफुलासारखी. तिथला माळी म्हणाला, साखरवाल्यांना बटाट्याऐवजी हा चालतो, पण मोकळ्या जमिनीत लावू नको, बोटाएवढा तुकडा राहिला तरी उगवतो, पिंपातच लाव. मी मे २०२४ मध्ये सुट्टीवर येताना दोन किलो आणले.

ते मी गडग्याच्या कडेला मोकळ्या जमिनीत लावले. पिंप कापले नाही. मला त्याच दिवशी परत जायला चारची एसटी होती.

त्या वर्षी फुले आली तेव्हा काकीने देव्हाऱ्यासाठी मागून नेली. कंद आईने उकडून खाल्ले. काकीनेही खाल्ले व रात्रभर पोट फुगले, त्यावरून दोघी आठ दिवस हसत होत्या. तोपर्यंत भांडण नव्हते.

नंतर कंद गडग्याखालून पलीकडे गेले. काकीने उपटले आणि तिच्या शेणखताच्या खड्ड्यात टाकले. आमच्याकडे उपटलेले सगळे खड्ड्यातच जाते, त्यात तिचे चुकले असे नाही. तुकड्यातून उगवते हे तिला सांगायचे काम माझे होते. मे २०२५ मध्ये तेच खत तिने पडवळ, दोडका, भेंडी सगळ्या वाफ्यांत घातले. जुलैमध्ये गडग्यापासून वीस पावलांवर, पडवळाच्या मांडवाखाली, ओळीने झाडे उभी राहिली. पडवळ दबले. काकीला वाटले, एवढ्या लांब मुळे चालत येत नाहीत, म्हणजे कोणीतरी लावली. ऑगस्टमध्ये तिने कवाडीला काटे घातले. तेव्हापासून आई कळशी घेऊन रस्त्याने वळसा घालून दुसऱ्या वाडीतल्या बावीवर जात होती.

ता. १८/११/२०२५ रोजी व्हिडिओ कॉलवर मला आईच्या कोपराला फडके बांधलेले दिसले. पाणी आणताना पडल्याचे तिने सांगितले नाही, मी ओळखले. मी काकीला फोन केला व म्हणालो, "वाट उघड, नाहीतर येऊन गडगा पाडतो." असे मी बोललो, हे कबूल आहे. त्यावरून काकीने ता. २०/११ रोजी ठाण्यात अर्ज दिला. त्याच फोनवर मी असेही म्हणालो की आईला पिंपात लाव म्हणून बजावले होते, तिने ऐकले नाही. हे खरे नाही. काकीने आईला विचारले तेव्हा आई म्हणाली, "व्हय, माजंच चुकलं." हे मला आईने सांगितले नाही. काकीने सांगितले.

मी ता. ३/१२ रोजी घरी आलो. ता. ४ ते ७ दोन्ही परसे खणली. माती गवंड्याच्या चाळणीतून चाळली. काकी गडग्यावर बसून होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या मांडवाच्या मेढीखाली बघ रं मुडद्या, हितं काय राखायला ठेवलास?" त्या खांबाच्या बुडाशी नऊ मिळाले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुजा बापूस असाच, लावायचा आन् पलायचा." एकूण साडेअकरा किलो निघाले. ते शिजवून काकीच्या गुरांना घातले, खड्ड्यात काही टाकले नाही.

सात कंद ठेवले. पिंप कापले, आणि आमच्या अंगणापलीकडे उघडा कातळ आहे त्यावर ठेवून त्यात लावले. कातळात मूळ जात नाही. आई म्हणाली, "एवडं झालं तरी परत लावतोस?" काकी म्हणाली, "लावू दे. तुला बटाटा सुटत न्हाय."

तरी जमिनीत बारीक तुकडे राहिले असणार. पुढच्या पावसात कोंब येतील. जून ते सप्टेंबर दर आठ दिवसांनी दोन्ही परसांत फिरून ते हाताने मुळासकट काढावे लागतील. आईला एकटीला वाकवत नाही. मी इथे नसणार. हे काम काकीने आईबरोबर करावे, त्याबद्दल मी काकीच्या नावे महिन्याला हजार रुपये पाठवीन, असे मी लिहिले होते.

हवालदारांनी कागद मोठ्याने वाचला. आई व काकी बाकावर बसून ऐकत होत्या. काकीने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, कवाडीचे काटे तिने आज सकाळीच काढले आहेत, ते लिही. दुसरी, "हजार कशाला? आयशीच्या गोल्यांना ठेव. माजं तीनशे लिव." दोन्ही केल्या. बाकी मजकूर मी लिहिला तसाच आहे, खाली सही करतो. पाठवायची रक्कम दरमहा रु. ३००/-, अक्षरी तीनशे.