आप्पा जातील ती वाट

महादेव : आता? घट्ट झालं काय?

दिपाली : अजून. अजून ओढा, आप्पा.

महादेव : रडालीस की गं तू.

दिपाली : रडू दे. ओढा म्हणते ना! सायकलची ट्यूब आहे ती, तुटत नाही. जखमेच्या वर धरा... आई गं! हां. आता मारा गाठ.

महादेव : रगात थांबंना झालंय.

दिपाली : कमी झालंय. मघाशी किती वाहत होतं.

महादेव : मला खुळा करतीस? पंचा सगळा भिजून चिप्प झालाय. आणि ही नडगी... देवा रं. हाड आत सरकलंय गं पोरी.

दिपाली : बघू नका तिकडं. आप्पा, माझ्या तोंडाकडं बघा. फोनचं काय झालं?

महादेव : वर पठारापातूर चढून बघून आलो. रेंजचं एक दांडकं येतंय आणि जातंय. लावलो की तुटतंय. तीनदा "हॅलो हॅलो" करून ओरडलो, कोण ऐकलं न्हाय.

दिपाली : मग तुम्हालाच जायला पाहिजे. माणसं घेऊन या.

महादेव : तुला हितं टाकून?

दिपाली : दुसरं कोण आहे इथं?

महादेव : कालच रानगवं फिरून गेल्यात ह्या खिंडीतनं. शेण बघितलीस न्हवं येताना? तुला हितं एकटी टाकून मी जाऊ? माझ्यानं व्हायचं न्हाय ते.

दिपाली : आप्पा, तुम्ही इथं बसून माझं रक्त थांबणार आहे काय?

महादेव : बरं. कुठनं जाऊ सांग.

दिपाली : आलो त्याच रस्त्यानं. जंगल खात्याचा रुंद रस्ता, कुठं चुकत नाही. डोंगराला वळसा घालून डांबरीला लागतो. तिथं कोण ना कोण गाडीवाला भेटेल.

महादेव : येताना दोन तास लागलं की गं.

दिपाली : येताना चढ होता. आता उतार आहे. तासाभरात जातासा तुम्ही.

महादेव : आणि मदत घेऊन परत यायला?

दिपाली : जीप येते त्या रस्त्यावर. बोलत बसू नका. चेन पडली आहे बघा तुमच्या सायकलची, ती आधी बसवा.

महादेव : बसवालोय. तू डोळं मिटू नगंस. दीपे! मिटालीस बग. बोलत ऱ्हा माझ्यासंगट.

दिपाली : काय बोलू?

महादेव : कायबी बोल. पुढल्या रविवारी तुझी ती सायकलवाली मंडळी यायची हाईत न्हवं निपाणी-चिकोडीची? त्यांला कुणाला कुठं न्हेणार हाईस, सांग.

दिपाली : आता? हे?

महादेव : व्हय, हेच. दररोज जेवताना कान किटवतीस की आमचं. आज मी इचारालोय तर सांग.

दिपाली : निपाणीच्या तिघी बायका आहेत. नव्या. त्यांना राकसकोपच्या तळ्याच्या कडेनं. सपाट आहे, सावली आहे, दम लागला की बसायला जागा आहे.

महादेव : मी गेलतो तिथनं.

दिपाली : तुम्ही गेलात म्हणून तर त्यांना नेणार. आप्पा जिथनं जातात तिथनं कुणीपण जातं. तुम्हीच माझं माप.

महादेव : उद्यमबागच्या फाउंड्रीला जन्मभर सायकल मारलो, आणि आता लेकीचं माप झालो. बरं, म्होरं?

दिपाली : चिकोडीची चार पोरं आहेत. थोडंफार येतं त्यांना. त्यांना येळ्ळूरच्या गडाच्या मागनं. खडी आहे, पण पडलं तरी गवतावर पडतंय.

महादेव : तिथं मी उतरून चाललोतो.

दिपाली : म्हणून बायकांना तिथं नाही. लहान मुलं आली तर आपल्या पिरनवाडीच्या मागचा माळ. आणि ज्यांचा हात चांगला बसलाय त्यांना ही खिंड. पंधरा-वीस मिनिटांत खाली वाडीत...

महादेव : काय म्हणालीस?

दिपाली : काही नाही.

महादेव : वीस मिनिटं? ही वाट वाडीत जाती?

दिपाली : तुमच्यासाठी नाही ती. आप्पा, नाही म्हणते ना!

महादेव : अगं कौलं दिसालीत हितनं! कुत्रं भुंकालंय ते ऐकाय येतंय! आणि तू मला डोंगराला वळसा घालाय लावालीस?

दिपाली : ह्या उताराच्या तोंडालाच मी पडले! रोज चालवणारी मी पडले! तुम्ही कसं जाणार? तुम्ही पडलासा तर आईला कोण सांगणार? दोघंपण इथंच?

महादेव : आणि तुला काय झालं तर मी काय सांगू तिला? रुंद रस्ता बघून गेलतो म्हणून सांगू?

दिपाली : चालत उतरा मग. सायकल नको.

महादेव : चालत उतराय गुडघं कुठं हाईत माझं? पायऱ्या उतराय भिंत धरतोय मी. पाय दुखालाय काय तुझा?

दिपाली : नाही. आता नाही दुखत. खालचं कळेनाच झालंय काही.

महादेव : म्हंजे लई वाईट. खरं सांग दीपे. वळशाच्या रस्त्यानं गेलो तर तू ऱ्हातीस काय तवर?

दिपाली : चेन बसली काय तुमची?

महादेव : माझी शपथ हाय तुला.

दिपाली : नाही वाटत, आप्पा. थंडी वाजालीय मला. एवढ्या उन्हात थंडी वाजालीय. मला मरायचं नाही हो आप्पा...

महादेव : मग सांग मला. कसं उतरायचं, एवढंच सांग. रडू नगंस. मीबी रडाय लागलो तर कसं व्हायचं?

दिपाली : सीट खाली करा आधी. तो खटका आहे बघा, तो उघडा. पूर्ण खाली.

महादेव : केलो.

दिपाली : आता सीटवर बसायचं नाही. पेडलवर उभं राहायचं. दोन्ही पाय एका पातळीत ठेवा, एक वर एक खाली नको, दगडाला लागतंय. आणि ढुंगण मागं. सीटच्याही मागं.

महादेव : असं? पडंल की माणूस.

दिपाली : पुढं वाकलासा तर पडतासा. मागं गेलं की चाक धरतंय. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, नुसतं एक बोट ठेवा. मागचा थोडा दाबा, सोडा, दाबा, सोडा. मी पुढचा दाबला. घाबरून दाबला.

महादेव : आणि?

दिपाली : दगडाकडं बघू नका. मोकळी जागा दिसते तिकडं बघा. जिकडं बघतासा तिकडं चाक जातंय. मागं वळून माझ्याकडं तर बघायचंच नाही.

महादेव : पाणी हितं ठेवलोय. माझा शर्ट अंगावर घे. काठी हातात धर.

दिपाली : उघडं जातासा?

महादेव : कोण बघतंय मला? निघालो बग.

दिपाली : आप्पा...

महादेव : बोल.

दिपाली : हळू जावा.

महादेव : तू ओरडत ऱ्हा. मीबी ओरडतो. गप बसू नगंस, कळलं?

दिपाली : जावा! मागं सरका! अजून मागं!

महादेव : दीपेऽऽ! पयलं वळाण झालं!

दिपाली : ब्रेक सोडाऽऽ! सगळा धरून ठेवू नका, घसरतंय!

महादेव : मुरूम हाय गं लई!

दिपाली : डावीकडनं घ्याऽऽ! कड्याकडं बघू नका!

महादेव : अगं अगं अगं...!

दिपाली : आप्पा! आप्पाऽऽ!

महादेव : पडलोऽऽ!

दिपाली : आप्पा, राहू दे! तिथंच थांबा! जाऊ नका!

महादेव : उठलोऽऽ! हात पाय हाईत! हँडल वाकडं झालंय!

दिपाली : पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरा! आणि हँडल पिरगळाऽऽ!

महादेव : झालंऽऽ! बसलो परत!

दिपाली : पुढं ओढा लागेल! उजवीकडनं! शेवाळ आहे डावीकडं!

महादेव : काय म्हणतीस? ऐकाय येईना!

दिपाली : उजवीकडनंऽऽ!

महादेव : उजवीकडनं न्हवं? दीपे, उजवीकडनं म्हणालीस न्हवं? वढा दिसालाय! दीपेऽऽ! बोल की गं! अगं नुसती व्हय म्हण! दीपेऽऽ! पोरी, आवाज दे! दीपेऽऽऽ!

(उन्हं कलल्यावर, त्याच खिंडीत.)

भावकू : ए पोरी. डोळं उघड. उघड बगू. पाणी घाल रं तोंडावर. हां... हाय, हाय! जीव हाय! घोंगडं पसरा हिकडं.

दिपाली : आप्पा...

भावकू : मी भावकू गं, खालच्या वाडीतला. भिऊ नगं. जीप उभी केलोय वाडीत, दवाखान्यात फोन गेलाय.

दिपाली : माझे आप्पा कुठं आहेत? पडले काय? खरं सांगा हो मला.

भावकू : पडला तर बक्कळ. तोंड फुटलंय, कोपराची कातडी गेलीया. तसाच सायकलसकट येऊन आमच्या खळ्यात आदळला. उघडाबंब माणूस, सगळं अंग रगताळलेलं. आमी भ्यालो की! मराठीत इचारलो, कन्नडात इचारलो. नुसता डोंगराकडं हात करालता.

दिपाली : आणि आता? आता कुठं आहेत?

भावकू : बस म्हटलो, च्या घे म्हटलो. ऐकतोय व्हय? माणसं निघाली तसा आमच्या मागं लागला. दोघांच्या खांद्याला धरून चढालाय. त्यो बग, आला.

महादेव : हाय?

भावकू : हाय. बोलालीया. या, बसा हितं.

महादेव : दीपे.

दिपाली : आप्पा, तुमचं तोंड... गुडघे...

महादेव : गप. कायबी बोलू नगंस. धरा रं, हळू धरा. त्या पायाला हात लावू नगासा. खालनं घोंगडं सरकवा आधी.

भावकू : तुमी बाजूला व्हा जरा. आमी उचलतो.

महादेव : डोसकं मी धरतो.

दिपाली : मी ओरडत होते, आप्पा. उजवीकडनं म्हटलं, आणि मग काय झालं कळलंच नाही मला.

महादेव : वढ्यापातूर ऐकाय आलं. मग आलं न्हाय. लई हाका मारलो. सायकल टाकलो आणि परत वर याय लागलो.

दिपाली : परत? कशाला?

महादेव : तू गेलीस म्हटलो. आता काय ऱ्हायलंय खाली, म्हटलो. तुझ्याजवळ येऊन बसावं. रानातली जनावरं तरी शिवणार न्हाईत, असं वाटलं.

दिपाली : मग खाली कसं गेलासा?

महादेव : मेली असलीस तरी घरी न्ह्यायला पायजेच न्हवं. मला एकट्याला उचलाय आली नसतीस तू. म्हणून माणसं आणाय गेलो.