कानात तेल न्हाई म्हंजी न्हाई

मी मूळची बेल्ह्याकडची, आमी मेंढरंवाली मान्सं. पाच-सहा वर्सांची आसन, तवा माझा डावा कान फुटला, पू यायला लागला. आता मेंढराच्या कानाला जखम झाली की आमचे आज्जा कडुलिंबाचं तेल कोमट करून सोडायचे, तेच माझ्याबी कानात सोडलं. मेंढरू बरं व्हायचं, मी न्हाई झाले. काय सांगू तुमाला, दोन महिनं कान सुका ऱ्हायचा, पडसं झालं की परत वाहायचा, आन् समदी म्हनायची, मोठी झाली की थांबल आपोआप. थांबतोय कशाचा, उजवाबी फुटला, आन् ऐकूबी कमी यायला लागलं.

लग्न होऊन लोणीला आले. सासूबाई तशा वाईट न्हवत्या, पन कानाचा वास येतो म्हनून चुलीपासनं लांब बसवायच्या, हाक ऐकू आली न्हाई तर म्हनायच्या सोंग करती. आन् माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलायच्या, बहिरी हाय, बोला बिनधास्त. आवो, ओठ हालत्यात ते दिसत व्हतं की मला! लई राग यायचा.

येक दिवस कुनाला न विचारता यष्टीत बसले, नारायणगावला कानाच्या डॉक्टरकडं गेले. त्यानं किती ऐकू येतंय ते बघायला चिमट्यासारखं लोखंड ठोकून कानामागं लावलं, दुर्बिनीतनं बघितलं, म्हनला, बाई, दोनी पडद्यांना भोकं हायेत. औषधाचे थेंब घातले का कधी? म्हनलं, लई येळा, वाहायचं थांबलं की बंद केले. आन् तेल? म्हनलं, ते तर न्हायल्यावर दर येळी. त्यो डोक्याला हात लावून बसला. म्हनला, थेंब सांगितले तितके दिवस घालायचे, तेल बंद, कानात पानी जाऊ द्यायचं न्हाई, तीन महिनं कोरडा ऱ्हायला तर पुन्याला आपरेशन, कानामागचा पातळ पापुद्रा घेऊन पडद्याला ठिगळ लावत्यात. भिजला की परत पयल्यापासनं मोजायचं.

आन् मधीच आली दिवाळी. पयल्या आंघोळीला सासूबाई समद्यांना तेल लावायच्या, कानात दोन थेंब सोडायच्या, त्यांचा मान व्हता त्यो. मी व्हॅसलिनचा कापूस कानात घालून पाटावर बसले, म्हनलं अंगाला लावा, कानात न्हाई. सासूबाई म्हनल्या, सनासुदीला सून सासूचा हात धरती! त्यांनी वाटी आपटली. मालक म्हनले, घाल की गं दोन थेंब, आईचं मन ऱ्हाईल. मी म्हनलं, आईचं मन ऱ्हाईल आन् माझा कान जाईल, न्हाई म्हंजी न्हाई. पंधरा दिवस सासूबाई बोलल्या न्हाईत माझ्याशी. बोलल्या आसत्या तरी मला कुटं ऐकू येत व्हतं!

तीन महिनं कान कोरडे ऱ्हायले, मग पुन्याला आपरेशन झालं, आधी उजव्याचं, वर्सानं डाव्याचं. पट्टी निघून महिना-दीड महिना झाला आसंल, मी भाकरी थापत व्हते, मागं सासूबाई शेजारनीला म्हनल्या, येवढा खर्च केला पन हिला काय ऐकू येतंय, बोल तू. मी वळले न्हाई, भाकरी तव्यावर टाकली आन् म्हनलं, बोला बोला आत्याबाई, आता उत्तरबी मिळंल. शेजारीन चहा तसाच ठेवून पळाली.

आता सासूबाई थकल्यात, वयानं त्यांनाच ऐकू येत न्हाई. मी जवळ बसून, तोंडाम्होरं तोंड करून बोलते. आन् घरात समद्यांना सांगून ठेवलंय, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल कुनी हळू बोलायचं न्हाई. काय बोलायचं ते त्यांना कळंल आसं बोला, न्हाईतर गप बसा.