टोपण घातलंत का?

...अहो नाही, तुटकी वायर घेऊन परत जाऊ नका, बसा! उभं राहून वायर लवकर होत नाही. कार्यक्रम संध्याकाळी आहे ना तुमचा? मग? आत्ता कुठे ऊन डोक्यावर आलंय. फक्त जरा हळू बोला, पडद्यामागे झोपलंय माणूस. आणि घाई कुणाला सांगता हो? माइक-स्पीकर भाड्याने देण्यात नि दुरुस्त करण्यात केस पांढरे झाले माझे! तुम्हाला सांगतो, माइकच्या वायरीला कनेक्टर लावणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम, आणि या सोप्या कामाने माझी उभी हयात खाल्ली! असतं काय त्यात? वायर सोलायची, आत दोन तारा आणि एक जाळी, जाळीला पीळ द्यायचा, तीन पिना, तीन टाके सोल्डरचे. टाका कसा हवा? चकचकीत. फुगलेला नको, करपलेला नको. मग वर हे टोपण सरकवायचं, फिरवायचं, संपलं!

सरकवायचं... पण कुठून? इथेच तर सगळं अडतं! टोपण पुढून जात नाही हो, मागून येतं. म्हणजे ते आधी वायरीत ओवावं लागतं. सगळ्यात आधी! आणि मी काय करतो? डोळे फोडून तीन टाके मारतो, फुंकर घालतो, उजेडात धरून स्वतःवरच खूश होतो, आणि बघतो तर टोपण टेबलावर! माझ्याकडे बघत बसलेलं! दुसऱ्या टोकाने घालावं म्हटलं तर तिकडे आधीच कनेक्टर. मग काय? कापा, सोला, पुन्हा पहिल्यापासून. आणि हे एकदा झालं असेल? छे! जन्मभर!

आमची ही पलीकडे शिलाई मशीनवर बसलेली असायची. उशांचे अभ्रे शिवतेय, मान खाली, पाय चालू, आणि मी सोल्डरिंग गन उचलली रे उचलली की मान वर न करता, "अहो, टोपण घातलंत का?" राग नाही, लोभ नाही, 'गॅस बंद केलात का' विचारावं तसं. तळपायाची आग मस्तकात जायची! "घातलं गं! मी काय कालचा पोर आहे?" आणि बघतो तर... नसायचंच. मग हसायची. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी सोडायची नाही, उलट जास्तच. "अहो, टोपण घातलंत का?" कान किटले होते हो माझे!

...आता नाही किटत. एका सकाळी कप उचलला तिने, कप खाली आणि ती पण खाली. पक्षाघात. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. जिच्या तोंडाला खळ नव्हता तिची वाचा गेली! घर इतकं गप्प झालं की मोरीतला नळ ठिबकतो हे मला पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरीणबाई आमच्या लहान वयाच्या, बोलणं एकदम भरभर, "काका बोलत राहा हं त्यांच्याशी रोजचं सवयीचं, त्यांच्या तोंडात बसलेलं वाक्य असेल ना एखादं, तेच कधीकधी आधी परत येतं हं काका." तोंडात बसलेलं? म्हटलं, बाई, ते तर माझ्या डोक्यात बसलंय!

दुकानातलं हे टेबल उचललं आणि तिच्या पलंगाशी आणून टाकलं; गिऱ्हाईक आलं की मधे हा पडदा ओढतो. मुलगी तावातावाने आली, "बाबा, आजारी माणसाच्या खोलीत हा धूर?" म्हटलं, "अगं, तुझ्या आईचं औषध चाललंय." आणि सुरू केलं. काय? मुद्दाम टोपण विसरायला! हसू नका. जन्मभर जे आपोआप विसरलो ते ठरवून विसरताना हात सारखा टोपणाकडेच जायचा! टोपण तिच्या डोळ्यांपुढे ठेवायचं, टाके मारायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "वा! झालं बुवा! काही म्हणून राहिलं नाही!" ती टोपणाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, ओठ हलायचे... आणि डोळ्यांतून पाणी. आवाज नाही. मी आपला कापायचो, सोलायचो, परत टाके. रोज तीच वायर. शेवटी ज्याची वायर तो बँडवाला आला, "काका, चांगली लांबलचक वायर दिली होती हो! आता ही एवढीशी? गायकाला काय मांडीवर घेऊन बसू?" मांडीवर घे नाहीतर खांद्यावर घे, मी काय सांगणार त्याला?

मग एक दिवस मुलीचं नि माझं चांगलंच वाजलं, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि मी अगदी खराखुरा विसरलो. टाके मारून झाले, आणि मागून... "टो... टोपण?" गन मांडीवर पडली. हा बघा डाग! भाजल्याचं कळलंसुद्धा नाही. "विसरलो गं! परत विसरलो!" आणि हसली हो... अर्ध्या तोंडाने, पण तेच हसू, मला पकडल्याचं! मी रडलो. लपवू कशाला, ढसाढसा रडलो.

वाटलं, आता उद्या दुसरा शब्द, परवा तिसरा... कुठलं काय! तो एक आला आणि मागे कुणी नाही. तहान लागली, टोपण. उशी टोचली, टोपण. मुलगी येते, तिच्या केसांवरून डावा हात फिरवते, "टोपण, टोपण..." पोरगी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधीकधी एवढंच उरतं, काका." त्या दिवशी हळू बोलल्या.

पण आयुष्य आवाज ऐकण्यात गेलंय ना माझं! सुरावरून कळतं मला. पाण्याचं टोपण वर चढतं. दुखण्याचं मधेच तुटतं. आणि विचारण्याचं... ते जुनंच, 'गॅस बंद केलात का' त्या सुरातलं. ते आलं की मी म्हणतो, विसरलो गं, आणि ती हसते. सगळ्या दिवसात तेवढंच हसते. मागे एकदा खरंच घातलेलं होतं, तर मी मोठ्या ऐटीत दाखवलं, "हे बघ, घातलंय!" तोंड भिंतीकडे फिरवलं तिने. जेवलीसुद्धा नाही. एवढी मोठी चूक मी धंद्यात कधी केली नव्हती!

हां... बोलता बोलता झाली बघा तुमची वायर. टाके बघा, मोत्यासारखे! आणि टोपण? आहे! तुमच्यासमोर फजिती नको म्हणून डोळ्यांत तेल घालून आधी ओवलंय. हे फिरवलं... हे बसलं. घ्या, उचला, आणि पटकन निघा, ती झोपलीय तोवर...

श्शू... थांबा. ऐकलंत?

नाही हो, पाण्याचं नाही. धूर गेला वाटतं पडद्यापलीकडे. विचारतेय.

"विसरलो गं! परत विसरलो बघ!"

...द्या ती वायर इकडे. आणि तो कटर द्या. थोडी आखूड होईल हो... चालवून घ्या.