आबांनी मिल थांबवली ती गोष्ट

अगं, माझी मास्टर्सची तोंडी परीक्षा शाहूपुरीतल्या नेट कॅफेत झाली, ठाऊक आहे का तुला? मी तेव्हा मुंबईला विमानांच्या देखभालीत होते आणि नोकरी करत इंटरनेटवरून शिकत होते. रजेवर कोल्हापूरला आले आणि नेमकी तेव्हाच परीक्षा लागली. माझे वडील, आबाही सोबत आले. साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस, शेजारी स्टूल ओढून बसला.

हेडफोनमधून परीक्षक सरांनी इंग्रजीत विचारलं, "विमानाला उशीर झालाय, सगळे घाई करतायत आणि तुम्हाला बारीकशी शंका आहे. काय कराल?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ते म्हणाले, "पुस्तक राहू दे. हे शिकलात कुणाकडून?"

मग मी आबांचं सांगितलं. ऐन हंगामात बेरिंगचा आवाज वेगळा वाटला म्हणून त्यांनी ऊस गाळायची मिल थांबवली होती. उघडून बघितलं तर काहीच निघालं नाही. साहेबांनी चारचौघांत झापलं, तरी आबा म्हणाले होते, "परत आवाज आला तर परत थांबवीन."

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "इंग्रजीत मधीच फिटर, फिटर काय म्हणत हुतीस गं?"

मी सगळं सांगितलं. आबा चपला घालता घालता थांबले.

"येक सांगायचं ऱ्हायलं की. मिल थांबवायचं बटण दाबताना माझा हात लटपटत हुता."

घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "विमान सोडायची सही करताना माझाबी लटपटतोय, आबा."